फणसाची गलोल

सांगू की नको या विचारात माझा चहा गार झाला. पण विषय निघालाच आहे, आणि हमीदाभाभी इथे नाहीत तोवर सांगितलेलं बरं. नाहीतर त्या मध्येच शिरून तिखटमीठ लावून सांगतील. तिखटमिठाची गरजच नाही हो. जे झालं तेच पुरेसं झणझणीत आहे.

तर, मी शांत आहे. लग्न ठरताना माझ्याबद्दल सांगण्यासारखं जे काही होतं, त्यात हे सगळ्यात वर. शिक्षण नंतर, उंची नंतर. "मुलगी शांत आहे." सासूबाई खूश, मिलिंद खूश, मीही खूश. कुणी काही बोललं की मी "हं" म्हणते. हा "हं" होकार नसतो, नकारही नसतो. तुमचं बोलणं माझ्या कानापर्यंत पोचलं, एवढीच ती पोच. पुढे आत गेलं की नाही, याची हमी मी देत नाही. शांत माणूस सगळं ऐकून घेतो, हा लोकांचा फार जुना गैरसमज आहे.

लग्नानंतर मी मिलिंदबरोबर बहरीनला आले. तो इथे एका कंपनीत मेन्टेनन्स टेक्निशियन. घर हमद टाउनमध्ये. इथे पत्ता विचारला की लोक राउंडअबाउटचा नंबर सांगतात, आणि मला सगळे राउंडअबाउट एकाच आईची लेकरं वाटतात. सुरुवातीला मी ब्रेड आणायला गेले आणि दुसऱ्याच बिल्डिंगच्या जिन्यात आमचं दार शोधत बसले. तिथून मला हाताला धरून आणलं ते हमीदाभाभींनी.

हमीदाभाभींचं दार आमच्या दारासमोर. मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांचे मिस्टर इकबालभाई एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क, आणि आयेशा, झोया या दोन मुली. भाभी बोलतात, म्हणजे दोन माणसांचं बोलतात. मी आल्यापासून माझ्या वाटचंही त्याच बोलू लागल्या, त्यामुळे आमचं छान जमलं. मिलिंद शिफ्टला गेला की समोरून हाक यायची, "काय गो, जिवंत आहेस ना?" मी म्हणायचे, "हं." मग त्या आत येऊन माझ्याशी तासभर गप्पा मारायच्या. खरं सांगते, सबंध दिवसात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. तेवढं एक दार बंद झालं असतं तर मी भिंतींना "हं" म्हणत बसले असते.

मुलींचं मात्र जमेना. त्यांना मराठी कळतं, उत्तर येतं इंग्रजीत. जिन्यात भेटल्या की "हाय आंटी" म्हणून पुढे. लग्नातल्या मेंदीचा रंग अजून नखांवर होता हो माझ्या, आणि मी आंटी.

एका दुपारी बघते तर दोघी खालच्या मोकळ्या जागेत रिकामे डबे रचून त्यावर चेंडू मारत होत्या. एक चेंडू लागेल तर शपथ. आणि माझ्या हातांना खाज सुटली.

कारण मला एक गोष्ट येते, जी लग्न ठरताना कुणी सांगितली नाही. गलोल. वाशीमकडच्या आमच्या शेतात ज्वारी भरात आली की पाखरं हाकायला माळ्यावर मला बसवायचे. इतर पोरं आरडाओरडा करायची, मी गलोल चालवायचे. पाखराला मारायचं नाही. बांधावर टांगलेल्या पत्र्याच्या डब्यावर खडा मारायचा, ठण्ण वाजतं, अख्खा थवा उडतो. माझा खडा चुकत नसे. जन्मभरात मी केलेला मोठा आवाज म्हणजे तेवढाच.

म्हटलं, या पोरींना गलोल करून द्यावी. न बोलता मैत्री होईल.

पण गलोलीला बेचकं लागतं, आणि बेचक्याला झाड. मी खाली उतरले. झाडं होती की, रांगेने होती. सगळी खजुराची. आता तुम्हीच सांगा, खजुराला फांदी असते का? सरळ खांब आणि डोक्यावर झिपऱ्या. मी एकेका झाडाखाली मान वर करून फिरले. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, इथे त्याला नातूर म्हणतात, लांबून बघत होता. शेवटी आलाच. "सिस्टर, ऊपर कुछ अटक गया?"

मी म्हटलं, "हं."

तो बिचारा शिडी घेऊन आला आणि वर चढून काहीतरी शोधत राहिला. काय शोधायचं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग मोबाइलवर एका व्हिडिओत दिसलं की गलोल फळीतूनही कापता येते. कागदावर आकार काढायचा, फळीवर चिकटवायचा आणि जिगसॉ मशीनने रेघेवरून फिरवत न्यायचं. शिलाई मशीनसारखंच, फक्त सुई करवतीची आणि हात जाग्यावर राहतील याची काळजी आपली. मिलिंदचं जिगसॉ स्टोअरमध्ये पडलेलंच होतं. त्याला विचारायला हवं होतं का? हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं.

पहिली गलोल प्लायवुडची. दिसायला देखणी. रबर ताणलं आणि प्लायचे पापुद्रे सुटून एक फाटा माझ्या हनुवटीवर आला. मिलिंदला म्हटलं कपाटाचं दार लागलं. लागलं म्हणजे, त्यानेच विचारलं, "कपाटाचं दार लागलं का?" आणि मी काय म्हटलं असेल ते तुम्हाला आता पाठ झालं असेल.

तर लाकूड हवं होतं अखंड, जाड, चिवट. आणि ते मला घरातच मिळालं. शू-रॅकच्या मागे, भिंतीला टेकवून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. चांगली जाडजूड फळी. एका टोकाला निमुळती होत गेलेली, त्या टोकाला आरपार चौकोनी भोक, आणि खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वर्षानुवर्षं हात फिरून गुळगुळीत झालेली. मी तिला उलटून पालटून पाहिलं आणि ठरवलं, मिलिंदच्या कंपनीतल्या कुठल्यातरी खोक्याची फळी असणार.

कोकणातल्या मंडळींनी आता कपाळाला हात लावला असेल. लावा. मी थांबते.

पट्ट्या मी हातोडीने काढल्या. फळी बाल्कनीतल्या टेबलाला क्लॅम्पने आवळली. डोळ्यांवर मिलिंदचा कामाचा चष्मा, तोंडाला ओढणी, आणि घुर्रर्र. काय लाकूड होतं म्हणून सांगू. लोण्यातून सुरी जावी तसं पातं चाललं. आणि भुसा पडला तो पिवळाधम्मक. अगदी हळदीसारखा. बाल्कनी पिवळी, फरशी पिवळी, मी पिवळी. मला तर माझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा एवढा रंग चढला नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. हमीदाभाभी.

"कसला गो आवाज करतेस?" म्हणत त्या आत आल्या आणि फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. "हळद सांडली?"

"हं."

"घरी दळलीस? मिक्सरवर?"

"हं."

भाभींनी डोळे भरून माझ्याकडे पाहिलं. आजकालच्या मुली तयार पुड्या आणतात, आणि ही बघा. तासाभरात बिल्डिंगभर झालं की मिलिंदची बायको घरी हळद दळते. इथल्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, बुद्धवंदनेला जमणाऱ्या आमच्या मंडळींपर्यंत ते पोचलं. मग रिकाम्या डब्या येऊ लागल्या. "थोडीशी दे गं, गावच्या हळदीची चवच वेगळी." आता काय करता? मी बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात जाऊन अख्खी हळकुंडं आणली, आणि मिक्सरवर दळत बसले. दोन्ही कामं एकदम चालू. सकाळी हळद, दुपारी गलोली. मिक्सरचं भांडं चिरलं, पण घराण्याचं नाव राहिलं.

त्या फळीतून चार-पाच गलोली निघाल्या. पॉलिश पेपरने घासून, खोबरेल चोळून अशा चमकवल्या की बस. रबर म्हणून मेडिकलमधून व्यायामाचा रबरी पट्टा आणला, खडा धरायला मिलिंदच्या जुन्या सेफ्टी शूजची जीभ कापली. आणि भोकाचं टोक होतं ना, तेही वाया घालवलं नाही. ते बरोबर एका गलोलीच्या मुठीत येईल असा आकार आखला. त्या भोकातून दोरी ओवली. खिळ्याला टांगता येईल अशी. ही माझी सगळ्यात लाडकी.

मुलींना दिल्या. नियम एकच, खडा नाही, कागदाचा बोळा. डब्यांची चळत रचली, एक बोळा लावला आणि वरचा डबा उडवला. आयेशाचं तोंड उघडंच राहिलं. "आंटी, यू आर सो कूल." आंटी तशीच राहिली, पण कूल झाली. संध्याकाळी त्या माझ्या दाराशी येऊन बसायला लागल्या. झोया तर एकदा चक्क मराठीत म्हणाली, "मला अजून एक पाहिजे."

भोकवाली गलोल मी हमीदाभाभींना दिली. त्यांच्या बाल्कनीत पारवे फार. त्यांनी ती हातात घेतली, अंगठा फिरवला, नाकाशी नेली.

"माहेरचा वास येतो गो हिला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हं." मला ते कौतुक वाटलं. त्यांनी ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवली, येता-जाता दिसेल अशी.

या सगळ्या दिवसांत भाभी मला काहीतरी सांगत होत्या. गावाहून कुणीतरी येणार आहे, काहीतरी घेऊन येणार आहे, मग काहीतरी करून सगळ्यांना खायला घालायचं आहे. मी ऐकत होते. म्हणजे, पोच देत होते.

मग तो शुक्रवार आला. मिलिंद सुट्टीवर, आम्ही चहा घेतोय, आणि दार ढकलून हमीदाभाभी आत. मागे इकबालभाई. भाभींच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी टॉवेल उलगडला. आतून निघालं विळीचं लोखंडी पातं. चांगलं वाकदार, शेंड्याला नारळ खवायचे दाते.

"आलं एकदाचं," भाभी म्हणाल्या. "इकबालच्या भावाने आणलंन सामानातून. मिलिंद, दे रे आता माझा पाट. नारळ फोडून ठेवलेत. आज सगळ्यांना नारळाच्या रसातली सांदणं."

मिलिंद उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना, भाभींच्या आईंनी आपल्याबरोबर विळीचा पाट दिला होता? पातं हातातल्या बॅगेत होतं, ते एअरपोर्टवर अडवलं, म्हणून मागे राहिलं."

भाभी म्हणाल्या, "अम्मीचे गुडघे गेले. खाली बसवत नाही. म्हणाली, तूच वापर. फणसाचा पाट आहे तो, आमच्या परसातल्या. माझ्या चार बहिणींच्या लग्नांतले नारळ त्यावर खवलेत."

माझं लक्ष पात्याच्या बुडाकडे होतं. बुडाला चौकोनी शेपूट होतं. तो चौकोन मी कुठेतरी पाहिला होता. आणि आमच्या घरी विळी म्हणजे लोखंडी घडीची, ओट्याला आवळायची. पाट असलेली विळी मी बघितली नव्हती असं नाही. पण पातं नसलेला पाट? तो मेला खोक्याच्या फळीसारखाच दिसतो हो.

शू-रॅकमागून मिलिंदचा आवाज आला, "इथेच ठेवला होता."

रॅक हलवला. सोफा हलवला. पलंगाखाली झालं, माळ्यावर झालं. मी जागची हलले नाही. मी म्हणजे शांततेचा पुतळा. इकबालभाई म्हणाले, नातूर रिकामी खोकी भंगारात नेतो, त्यानेच नेला असणार. त्याला वर बोलावलं. तो टोपी हातात घेऊन दारात उभा, इथल्या अरबीत नाही-नाही म्हणत. "मफी, मफी, भाई. लकड़ी हम नहीं देखा." इकबालभाईंना पटेना. मिलिंदचाही आवाज जरा चढला, फोन करून त्याच्या मालकाला सांगू का, असं काहीतरी म्हणाला. आणि नातूराने माझ्याकडे पाहिलं. माझ्यासाठी जो माणूस खजुरावर चढला होता, त्याने.

"मी," मी म्हटलं.

"तू काय?" मिलिंद.

"मी कापला."

मिलिंद चक्क हसला. "अगं, कशाने कापशील?"

"जिगसॉने."

"भाभी, हिला जिगसॉ कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही. बिचारी नातूरासाठी आळ घेतेय." इकबालभाईंनी मान डोलावली. कौतुकाने. किती गुणी मुलगी.

बघा माझं नशीब. जन्मात पहिल्यांदा आपणहून बोलले, तर कुणी विश्वास ठेवेना.

मी उठले, समोरच्या घरात गेले, स्वयंपाकघरातली खिळ्यावरची गलोल काढली, आणि आणून भाभींच्या हातात दिली. त्यांनी गलोलीकडे पाहिलं. पात्याकडे पाहिलं. दोरी ओढून काढली आणि पात्याचं शेपूट गलोलीच्या मुठीतल्या भोकात घातलं.

खट्.

असं चपखल बसलं की काय सांगू. माझ्या लाडक्या गलोलीवर विळीचं पातं उभं राहिलं.

नातूराने हळूच टोपी घातली आणि जिना उतरला.

"ती हळद," भाभी सावकाश म्हणाल्या. "फरशीवरची."

"हं."

इकबालभाई पांढरे पडले. "म्हणजे आम्ही इतके दिवस भुसा खाल्ला?"

"नाही नाही, डबीतली खरी होती. बाजारातून आणून दळली."

हे सांगून बरं होईल असं मला वाटलं होतं. वाईट झालं. लाकूड कापलं ते एक वेळ समजू शकतं, पण थाप निभवायला हळकुंडं दळणारी बाई? इकबालभाई माझ्याकडे जरा अंतर ठेवून बघायला लागले.

मिलिंद म्हणाला, "पण मी तुला टॅक्सीत सांगितलं होतं. एअरपोर्टवरून येताना. हा पाट भाभींचा, पातं आलं की द्यायचा. तू हं म्हणालीस."

"मी सगळ्यालाच हं म्हणते."

 लग्न ठरल्यापासूनचे माझे सगळे "हं" मिलिंद मनातल्या मनात एकेक करून तपासत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पण हे सगळं सोडा. हमीदाभाभी आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या आणि बोलत नव्हत्या. मी त्यांना गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझं काम त्यांनी घेतलं होतं, आणि ते बघवत नव्हतं. एवढ्यात कुणी न सांगता मुली बाकीच्या गलोली गोळा करून घेऊन आल्या. रबरं काढून आयेशाने त्या फरशीवर मांडल्या, एकमेकींत अडकवून, पुन्हा पाट होतो का बघायला. आकार आला. पण मध्ये मध्ये फटी. जेवढी हळद, तेवढ्या फटी.

"इट्स अ पझल," झोया म्हणाली, आणि आईचं तोंड बघून मराठीत म्हणाली, "तुकडे कमी आहेत."

मला बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. दार बंद करू नका म्हणायचं होतं. घशापर्यंत आलं आणि तिथेच ओळीने उभं राहिलं.

भाभी उठल्या. "नारळ फोडलेले आहेत," त्या म्हणाल्या. "चल."

मिलिंद घाईघाईने म्हणाला, मी क्लॅम्प आणतो, ओट्याला आवळून देतो, एकदम फिट बसेल.

"तुझी हत्यारं तुझ्याजवळ ठेव," भाभी म्हणाल्या. "हिने मोडलंय. हीच बसेल."

तर असं चित्र बघा. हमीदाभाभींच्या स्वयंपाकघरात मी फरशीवर मांडी घालून बसले आहे. मी उपटलेल्या त्या दोन पट्ट्या खाली, त्यावर गलोल, तिचे दोन्ही फाटे माझ्या मांड्यांखाली दाबलेले, आणि पुढे मुठीवर पातं उभं. समोर भाभी, नारळ खवतायत. खवताना जोर लावतायत, जरा जास्तच लावतायत असं मला वाटत होतं, पण तक्रार करायला तोंड कुठे होतं? खोबरं माझ्या भुवयांवर, केसांत, पापण्यांवर. गेल्या वेळी पिवळी, या वेळी पांढरी. हलायचं नाही. हलले की दटावणी, "पाट हलत नाही गो कधी."

तिसऱ्या-चौथ्या वाटीला भाभींच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला वाटलं खोबरं. मग त्या खदखदून हसायलाच लागल्या, हातातली वाटी सुटेपर्यंत. "हळकुंडं दळलीन," म्हणाल्या, आणि परत हसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, रत्नागिरीहून अम्मी. पातं पोचलं का, हे विचारायला. भाभींनी पातं दाखवलं. नारळ दाखवले.

"आणि पाट?" अम्मी म्हणाल्या. "पाट दिसत नाही गो. नीट ठेवलास ना?"

भाभींनी फोन माझ्याकडे वळवला.

स्क्रीनवर एक म्हातारं, प्रेमळ तोंड माझ्याकडे निरखून बघत होतं. मी श्वास घेतला. सगळं सांगायचं ठरवलं. खजुराला फांद्या नसतात इथपासून. तोंड उघडलं आणि आतून आलं, "हं."

"ही कोण गो?" अम्मींनी विचारलं. "बोलत का नाही?"

"अम्मी," हमीदाभाभी म्हणाल्या, "हाच पाट."

नंतर त्यांनी अम्मींना सगळं सांगितलं, हळदीसकट. माझ्या वाटचंही त्याच बोलल्या, नेहमीसारखं. त्यामुळे आमचं दार काही बंद झालं नाही. फक्त आता शुक्रवारी समोरून माझ्या नावाने हाक येत नाही. हाक येते ती अशी, "मिलिंद, पाट पाठव रे."

मिलिंद मला विचारतो, "जातेस ना?"

आता मी काय म्हणते, ते तुम्ही सांगा.